काळविटाच्या शिंगात साडी

खट्. खट्. खटाखट्!

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वडिलांच्या कमरेएवढा होतो. सकाळी हरभरा सोंगायला गेलो होतो, धुकं होतं. मी विचारलं, "बाबा, वावरात टिपऱ्या कोण खेळून राहिलं?" बाबांनी मला उचलून तुरीच्या वर धरलं. दोन काळवीट शिंगांत शिंगं घालून भांडत होते. बाबा कानात म्हणाले, "पाहून घे. असं फुकट कोणी दाखवत नाई!"

पुढे मी वनखात्यात मजूर झालो. मूर्तिजापूरकडच्या माळावर हरणांच्या मागे जन्म गेला. रिटायर झालो तरी पाय तिकडेच वळतात. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे लिहून काही ठेवलं नाही. पण किस्से साचतात. धोतराला कुसळं चिकटतात ना, तसे. घरी येऊन पाहावं तर हे एवढे! आणि त्यातले निम्मे तरी गणपतभाऊंचे. गणपतभाऊ म्हणजे गावातला जुना शिकारी. शिकार सोडून तीस वर्षं झाली, नाव मात्र सुटलं नाही.

*

आमच्या बीटवर, म्हणजे आमच्या वाट्याच्या माळावर, गार्ड म्हणून एक तरुण मॅडम आल्या. हरणांच्या पहिल्याच गणनेला कळप माळावरून पळत आला. एका ठिकाणी पहिल्या मादीनं माणूसभर उंच उडी मारली. मग दुसरीनं. मग तिसरीनं. सगळा कळप तिथंच हवेत उडून पुढे गेला. खाली ना दगड, ना नाली. साफ जमीन!

मॅडम आकडा विसरल्या. "भाऊ, कशावरून उडून राहिले हे?"

सोबत आलेले गणपतभाऊ म्हणाले, "तथी काट्याचं कुंपण होतं. तीस वर्सं झाले काढून."

"पण एवढं जुनं हरीण यात एकही नसेल!"

"नाईच. माय उडाली म्हून लेकरू उडालं. कुंपण यायच्यातल्या एकानंबी पाह्यलं नाई!"

*

माळावर हरीण मेलेलं सापडलं की खात्याचा माणूस आधी गणपतभाऊंच्या दारात. हा रिवाजच होता. साहेब बदलले, गाड्या बदलल्या, रिवाज बदलला नाही.

एकदा मॅडम आणि मी गेलो. रस्त्यावर गाडीच्या धडकेनं मादी मेली होती, तरी वरून फोन आला होता की घर पाहून या. आम्ही पोचलो तर ओट्यावर तीन कप चहा तयार!

मॅडम म्हणाल्या, "आम्ही येणार हे कोणी सांगितलं?"

"हरीण मेलं हे सकाळी समजलं. मंग दूध जास्तीचं घेतलं!"

मॅडम हसल्या. गणपतभाऊ हसले नाहीत. कप विसळताना मला हळूच म्हणाले, "नारायण, एकच इच्छा हाय. मी मराच्या आधी एक हरीण असं मराव, का माह्या दारात कोणी येऊ नये."

*

त्यांनी शिकार सोडली ती सुभद्रावहिनींमुळे. दोघांचा नवीन संसार होता. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, वहिनींनी नवीन हिरवी साडी नेसली होती, पिवळ्या काठाची. गणपतभाऊंनी मादी मारून आणली. फाडली तर पोटात पाडस!

वहिनींनी पाडस ओच्यात घेतलं, परसात गेल्या, स्वतः खड्डा केला. हात धुऊन आल्या आणि चुलीत पाणी ओतलं. गणपतभाऊंनी विचारलं, "जेवाचं काय?"

"त्याची माय उपाशीच गेली. आज आपुनबी राहू."

हरणं धरायचे फासे त्याच संध्याकाळी विहिरीत गेले. आणि ती साडी वहिनींनी पुन्हा कधी नेसली नाही. पेटीत तळाला ठेवून दिली.

*

एका उन्हाळ्यात गणपतभाऊ सकाळीच मला उठवायला आले. "चाल. कळपाची तब्येत बरी नाई."

माळावर कुठंच हरीण दिसत नव्हतं. त्यांनी धुळीतल्या खुणांवर काठी टेकवली. "पाय पाह्य. आंधी ठेवून पाह्यते, मंग भार देते. खूर दुखून राह्यले." ढोरांचे डॉक्टर आले, दूर दडलेला कळप शोधून दुर्बिणीतून तासभर पाहिला आणि म्हणाले, "खुरकूत! गावातल्या ढोरांपासून लागली असेल. पाणी एकच आहे ना?"

आता गावाला सांगायचं कोणी, की तळ्यावर ढोरं नेऊ नका? पंचायतीत आरडाओरडा झाला. एक जण ओरडला, "शिकाऱ्याच्या सांगण्यावरून आमी बैलं तहानेले ठेवू काय?"

गणपतभाऊ शांतपणे म्हणाले, "कुलूप कुठं कच्चं हाय, हे चोरालेच इचाराव लागते, बापू!"

सगळं गाव हसलं. हसलं आणि ऐकलंही. ढोरांना लस दिली, घरीच पाणी दाखवलं. पाऊस पडायच्या आधी एका सकाळी पुन्हा कळप पळताना पाहिला. मोकळ्या जमिनीवर, त्याच जागी, सगळे उडाले. डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

*

आमच्याकडे हरभऱ्याच्या बांधाला जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं फडफडतात, जनावर बुजतं. कोणाच्या बांधावर कोणाची साडी, हे गावाला पाठ असतं.

वहिनी गेल्या त्या वर्षी गणपतभाऊंनी पेटी उघडली आणि सगळ्या साड्या बांधाला बांधल्या. ती हिरवीसुद्धा. लोक म्हणाले, "भाऊ, दान करून टाकाच्या होत्या!"

"हरणानं हरभरा खाऊ नये, अन् मी हरणाले काठी मारू नये. दोन्ही तीच पाहीन."

*

आणि हे गेल्या हिवाळ्यातलं.

सकाळी गावात हसाहशी सुरू झाली. एक मोठा काळवीट शिंगात साडी अडकवून माळावर पळत होता! तो कळपाकडे धावला की कळप त्याला पाहून पळे. पोरं ओरडली, "नवरी आली, नवरी आली!"

मग कोणीतरी म्हणालं, "अरे, हिरवी हाय. पिवळ्या काठाची."

हसणं थांबलं.

आम्ही पोचलो तोवर साडीचं दुसरं टोक बाभळीत गुंतलं होतं. नर उड्या मारी, आपटे, उठे. तोंडाला फेस. डॉक्टर म्हणाले, "अमरावतीहून टीम यायला दुपार होईल. आणि माणसं जवळ गेली तर भीतीनंच छाती फुटेल याची."

मॅडमनी गणपतभाऊंकडे पाहिलं. गणपतभाऊ साडीकडे पाहत होते.

"मेला तर पह्यलं नाव माहंच येईन," ते म्हणाले.

"येईल," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या खाली माझं लिहीन मी."

गणपतभाऊ घरी गेले आणि चांद्याला घेऊन आले. चांद्या त्यांचा म्हातारा बैल. आमच्या भागात जुने शिकारी असेच जात, बैलाच्या आडोशानं. हरीण बैलाला भीत नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांनी जी विद्या टाकली होती, ती आमच्या डोळ्यांसमोर पुन्हा चालू लागली.

सरळ गेले नाहीत. बैल दोन घास खाई, चार पावलं टाके. पुन्हा घास. त्याच्या पोटाआड गणपतभाऊ वाकलेले, नराकडे एकदाही न पाहता. शंभर पावलांचं अंतर. सूर्य आणखी कासराभर वर आला. गावातलं एक माणूस खोकलं नाही.

शेवटी बैलाची सावली नरावर पडली. बैलाच्या मानेखालून एक हात आला आणि गणपतभाऊंच्या खांद्यावरचा दुपट्टा नराच्या डोळ्यांवर पडला. नर थरथरला, आणि उभा राहिला. नुसता उभा! विळ्यानं शिंगाजवळचा साडीचा एकेक वेढा कापताना येणारा चर्रर्र आवाज आम्हाला इथवर ऐकू येत होता.

दुपट्टा निघाला. नर पळाला नाही. त्यानं बैलाचं नाक हुंगलं. गणपतभाऊंचा हात हुंगला. मग सावकाश दहा पावलं चालला, आणि मग गेला. कुंपण नसलेल्या त्या जागी उडाला तेव्हा मॅडमच्या तोंडून "आई!" असं निघालं.

गणपतभाऊ खाली बसले. बाभळीच्या काट्यांतून उरलेली साडी सोडवली, एकही धागा न ओढता. तुकडे जुळवले, काठाला काठ लावून घडी केली.

मॅडम जवळ गेल्या. "भाऊ, रिपोर्टमध्ये तुमचं नाव लिहिते. वर कळू द्या सगळ्यांना. चालेल ना?"

गणपतभाऊंनी घडी खांद्यावर ठेवली. चांद्याची दोरी धरली. आणि "माहं नाव वर सगळ्यायले आंधीच ठाऊक हाय," म्हणत बांधाबांधानं घराकडे चालू लागले.