साडूच्या जावयाचं आडनाव

माझ्या साडूला इंग्रज जावई मिळाला, तेव्हा खवळलेलं माझं पित्त अजून शांत झालेलं नाही.

जावई मिळाला याचं मला दुःख नव्हतं. (होतं.) आमच्या लेकीला हडपसरचा नवरा मिळाला. गुणी आहे, पण त्याला बघायला शेजारी खिडकीत येत नाहीत! आणि इथे साडूंच्या, म्हणजे दिलीपरावांच्या सईने थेट टॉम वॉकर गाठला. भरीस भर, दिलीपरावांनी ‘वॉकर घराण्याची ढाल’ ऑनलाइन मागवून दिवाणखान्यात टांगली. वर सिंह. मी गेलो की ते बरोबर सिंहाखाली बसत.

“वॉकर म्हणजे चालणारे. राजाच्या स्वारीपुढे चालत असणार! तुमचं मूळ कुठलं हो?”

“धायरी.”

“तसं नव्हे, घराण्याचं!”

मी पेटलो. ऑफिसात बसून (ऑफिसचं त्यात नुकसान ते काय!) आडनावाचा इतिहास खणला आणि घबाड लागलं. जुन्या इंग्लंडात लोकरीचं कापड दाट व्हावं म्हणून पिंपात घालून पायांनी तुडवत. तुडवणारे ते वॉकर. आणि पिंपात काय असे? शिळी लघवी!

मी तत्काळ दोघांचं केळवण ठरवलं.

“एवढा पुळका?” हेमाने, म्हणजे माझ्या बायकोने, संशयाने विचारलं.

“भाची आहे ती माझी!”

पुरणपोळीवर तूप पडलं आणि मी वॉकर घराण्याचा इतिहास वाढला. पिंपासकट!

दिलीपरावांचा घास हातातच राहिला. हेमा ओरडली, “अहो, पानावर बसून काय हे!” सईने लाजत टॉमला भाषांतर करून सांगितलं. आता पाहुणा रागावणार, या आशेने मी पोळीचा तुकडा मोडला.

टॉमने टाळी वाजवली!

“काका, तो म्हणतोय अगदी खरं आहे,” सई म्हणाली. “त्याचे आजोबा नाताळच्या जेवणात हेच सांगायचे. तुम्ही त्याच्यासाठी एवढं शोधलंत म्हणून गहिवरलाय तो! विचारतोय, तुमच्याकडे तुडवतात का असं?”

मी ‘छे’ म्हणायच्या आत हेमा म्हणाली, “तुडवतात की! फक्त आमचं पाणी साबणाचं असतं म्हणावं.”

सकाळी भिजवलेल्या गोधड्या केळवणाच्या गडबडीत बाल्कनीतल्या टबातच राहिल्या होत्या. टॉमने पँट दुमडली आणि उतरला! काय तुडवल्या म्हणून सांगू! समोरच्या इमारतीची एकूण एक खिडकी भरली. दिलीपराव फोटो काढत मला म्हणाले, “बघा, रक्तातच आहे!” तो फोटो आता ढालीशेजारी आहे. सिंहापेक्षा मोठा.

मंडळी गेली. हेमा टबाकडे बघत म्हणाली, “पाहुणा असून गोधड्या धुतो तो. तुम्हाला काय धाड भरलीय?”

तेव्हापासून दर रविवारी टबात मी असतो. समोरच्या खिडकीत कुत्रंसुद्धा येत नाही. एवढी तुडवातुडवी इंग्लंडात केली असती, तर निदान आडनाव तरी मिळालं असतं!