यादीप्रमाणे लावलेल्या फायली

माझा मामा इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होता. घरी साधा बल्ब बदलता न येणाऱ्या या माणसाला तिथे ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणायचे. कारण एकदा त्याने कुठूनतरी बघून सहा ओळींची बॅच फाइल, म्हणजे एक छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. ती चालवली की रुग्णांच्या फायलींची यादी आपोआप क्रमाने लागायची. फक्त ती फायलींच्या नंबरांतल्या आकड्यांना अक्षरं समजायची आणि आधी पहिलं अक्षर बघायची. त्यामुळे एकच्या मागोमाग दहा, मग शंभर, मग हजार, आणि बिचारा दोन त्या सगळ्यांच्या मागे!

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “अहो, दोनच्या आधी हजार कसा?”

“मशीन कधी चुकतं का?” मामा म्हणाला. “आपल्या फायलीच चुकीच्या लागल्यात.”

मग महिनाभर शिडीवर चढून, धूळ खात, त्याने बाराशे फायली यादीप्रमाणे लावल्या.

पुढे एक नवी मुलगी आली. तिने आकड्यांच्या आधी शून्यं जोडून पाच मिनिटांत यादी सरळ केली. रॅक मात्र तसेच राहिले, कारण पुन्हा शिडीवर चढणार कोण? त्यानंतर अकरा वर्षं, फाइल हवी असली की डॉक्टर आधी मामाला शोधायचे.

निरोप समारंभात मोठे साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, “तुमच्याशिवाय इथे एक फाइल सापडत नाही हो!”

मामाचे डोळे भरून आले. ते वाक्य आता त्याच्या हॉलमध्ये टांगलंय. तक्रार फ्रेम करून घरात लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.