हिशेब मागणाऱ्यांचा सत्कार

"मास्तरांनी हिशेब मागितलाय व्हय? मग करू की त्यांचा सत्कार!" आमच्या कॉलनीचे खजिनदार काका माईकवाल्याच्या कानाशी म्हणाले.

सांगलीतल्या आमच्या गल्लीत दिवे लावायला अनुदान आलं, पण कोपऱ्यावरचा खांब अजून तसाच अंधारात आहे. सभेत त्याबद्दल कुणी विचारलं की काका त्याच्या खांद्यावर शाल टाकतात, हातात नारळ देतात आणि इतक्या मायेने पाठ थोपटतात, की माणूस आभार मानून खाली बसतो. मागच्या सभेत माझे बाबाही असेच बसले. मलाही काका आवडतात. कुणाचाही निकाल लागला, की पहिला पेढा त्यांचाच येतो. पण क्लासवरून परतताना त्या कोपऱ्यावर कुत्री माझ्याच अंगावर येतात.

मास्तर शाल घेऊन बसल्यावर मी घाबरतच हात वर केला.

"आवं, लय हुशार पोरगी हाय! इंग्लिश मीडियमची!" लगेच शाल आली, नारळ आला, टाळ्याही झाल्या. मग रीतीप्रमाणे माईक पुढे आला. "बोल बाळा, दोन शब्द."

शालीला लावलेली किमतीची चिठ्ठी मानेला टोचत होती.

"काका," मी म्हणाले, "ही शाल दिव्यांच्या पैशांतली आहे का?"