सुनेनं ढिले सोडलेले बोल्ट

आमची गाडी सुनेनं बिघडवली, असं आमच्या नात्यात सगळे धरून चालले होते. ती मी बिघडवली होती. सुनेनं दुरुस्त केली आणि दोषही स्वतःवर घेतला. तो मी तिला घेऊ दिला, म्हणून हे लिहितो आहे.

बायकोचे गुडघे गेले तेव्हा मुलानं घेतलेली उंच गाडी दारात होती. मुलगा नोकरीला बाहेरगावी, गाडी मी चालवायचो. बायकोला सीटवर चढता येईना. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं सून, असं तिला चढवायचो. एकदा विहारासमोर, सगळ्यांच्या देखत चढवलं आणि तिनं बाहेर जाणंच सोडलं.

"पोत्यासारखं उचलता मले," ती म्हणाली. "त्यापेक्षा घरीच बरी."

रायपुरातल्या आमच्या बूढापाऱ्यापासून तात्यापारा असा किती लांब? तिची सख्खी बहीण तिथं राहते, पण भेट बंद झाली.

सून नवा रायपूरला ऑफिसात जाते. तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, ती त्यातच वाढली. तिनं सुचवलं, आखूड स्प्रिंगा टाकू, गाडी दोन बोटं खाली येईल.

"पोट्टे टाकतात तशा? या वयात मले हिरो करतं काय?"

"तुम्हाला नाही बाबा, आईंना."

रविवारी टिनाच्या शेडखाली गाडी उचलून स्टँडवर ठेवली. जुन्या स्प्रिंगा शिकंज्यात दाबून काढणं, नव्या बसवणं, सगळं तिनं केलं. मी पाने देत होतो. शेवटी चाकामागच्या खालच्या आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचे, बोल्ट राहिले. "बाबा, हे अभी हातानंच लावून ठेवा," ती म्हणाली. "गाडी चाकांवर उतरली की मग कसू." तेवढ्यात ऑफिसातून फोन आला म्हणून ती आत गेली.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत गेली. तिथं बोल्ट ढिला ठेवून कोणी हात धुतले, तर सुपरवायझर चारचौघांत त्याचा उद्धार करायचा. समोर ढिले बोल्ट दिसत होते आणि मला स्वस्थ बसवेना. मी ते पूर्ण कसले, चाकं चढवली, गाडी खाली घेतली.

सून बाहेर आली. "खालचे बोल्ट?"

"कसले."

कधी कसले ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बायकोला बोलावलं. ती सीटकडे पाठ करून टेकली, मग हळूहळू पाय आत घेतले. मी हात पुढे केला तर म्हणाली, "सरका, दार लावू द्या." त्या दिवशी ती बहिणीकडून जेवूनच परतली.

काही आठवड्यांनी गाडी करकरू लागली. ब्रेकरवर तर खाट मोडल्यासारखा आवाज. बायको घाबरली, बसेना. तिची ती बहीण, माझी साळी, भेटायला आली ती सुनेला म्हणाली, "काहून वं, गाडी होय का मिक्सर, घरीच खोलाले?" मी चहा पीत राहिलो.

सुनेनं गाडी पुन्हा उचलली. आर्मच्या टोकातलं रबर फाटलं होतं. चाक लोंबत असताना बोल्ट कसला की रबर तिथंच धरलं जातं, आणि गाडीचं वजन आलं की पिळून फाटतं. हे तिनं मला समजावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हव," मी म्हणालो. "तू फोनवर होती तवा."

ती रबर काढत राहिली. मग म्हणाली, "आईंना सांगू नका. त्या तुमच्या भरोशावर बसतात. तुमची चूक समजली तर परत नाही बसणार."

जेवताना तिनंच सांगितलं, "चूक माझी होती, आई. नवं रबर टाकलं. बाबांनी सगळं पाहिलं." बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. संध्याकाळी ती गाडीत बसली.

तेव्हापासून ती विहारात जाते, बाजारात जाते, बहिणीशी भांडून येते. घरात पुन्हा तिच्या बाहेरच्या गप्पा ऐकू येतात. हे सुख मला सुनेनं दिलं, आणि त्याबदल्यात टोमणे ती खात होती.

परवा साळीकडे पाहुण्यांसमोर पुन्हा मिक्सर निघाला. सून हसत कप उचलत होती. मग मी सगळं सांगून टाकलं.

"मग तुमची रेल्वे कशी चालत होती, भाऊजी?" साळी म्हणाली. सगळे हसले. बायको हसली नाही.

बाहेर आल्यावर ती गाडीजवळ थांबली. आता ही रिक्षा मागवणार, असं मला वाटलं. तिनं सुनेला विचारलं, "आता जे बोल्ट आहेत, ते कोणं कसले?"

"मी, आई. गाडी खाली उतरवून."

बायको सीटवर टेकली, पाय आत घेतले. मी ड्रायव्हरच्या दाराशी गेलो तर म्हणाली, "किल्ली तिले द्या. तुमी मागं बसा."

मी मागं बसलो.