उघडा असून न दिसणारा डोळा

फर्निचरच्या कारखान्यात त्या सुताराला सगळे धडपड्या म्हणत. चोपन्न वर्षांचा गडी, पण चहा कपाबाहेर ओतायचा, जिन्याची शेवटची पायरी हमखास चुकवायचा. लाकडाचा सांधा मात्र असा बसवायचा की मधे केससुद्धा शिरू नये. नजरेपेक्षा बोटांनी चाचपून काम करायची त्याची सवय; लोक तिला कसब समजत, तोही समजे.

एका सकाळी करवतीवरून ढलपी उडाली ती थेट उजव्या डोळ्यात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ती काढली, पट्टी बांधली. तो उठला आणि दाराच्या चौकटीवर आदळला.

"अहो, दुसरा डोळा उघडा की," सोबत आलेली बायको म्हणाली.

"उघडाच आहे."

ती हातभर अंतरावर उभी होती, पण तिचा चेहराही त्याला धड ओळखू येईना.

डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा नीट तपासला. आतून सगळं ठणठणीत.

"खोट डोळ्यात नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणी याला मोठा नंबर होता, चष्मा कुणी लावला नाही. मग मेंदूनंच याच्याशी अबोला धरला. आळशी डोळा म्हणतात याला."

जखम भरल्यावर त्यांनी त्याला एका अभ्यासासाठी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं यंत्रात झोपवून मेंदूची चित्रं काढली. पाहण्याचं काम करणाऱ्या भागांचं आपसातलं दळणवळण इतरांपेक्षा वेगळं होतं, काही ठिकाणी फारच क्षीण. डॉक्टर समजावत होते, हा पडद्याकडे बघत बसला होता.

"मग आजवर मी पाहिलं ते काय?" एवढंच त्यानं विचारलं.

घरी त्यानं आईला सांगितलं. लहानपणी दूध सांडलं, चेंडू सुटला म्हणून तिनं त्याला किती बदडलं होतं. हातातला मटार तसाच ठेवून ती म्हणाली, "मला वाटायचं, तू मुद्दाम करतोस." त्या दिवशी ती जेवली नाही.

हे घराण्यात असू शकतं, असं बाईंनी सांगितलं होतं. त्यानं मुलीच्या मागे लागून चार वर्षांच्या नातीला तपासायला नेलं. तिचाही एक डोळा तसाच निघाला. वेळेत आणलंत, या वयात चांगला डोळा झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येतं, असं बाईंना दोनदा सांगावं लागलं.

आता रोज संध्याकाळी नातीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तो तिच्याकडून मणी ओवून घेतो. ती चिडते, मणी भिरकावते. तो गुडघ्यांवर बसून, चाचपत, एकेक गोळा करतो.