सोबती म्हटलं म्हणून

हर्मिनिया सुमागायसाय गावच्या कॅप्टनला, म्हणजे तिकडच्या सरपंचाला, बोलली ते एवढंच: "कॅप्टन, क्षयाच्या गोळ्या दोन महिने अपुऱ्या येतायत. आम्ही सगळे सोबती विचारतोय, गोळ्या जातात कुठे?"

बावीस वर्षं ती नेग्रोस बेटावरच्या त्या ऊसपट्ट्यात गावची आरोग्यसेविका. रोज सकाळी घरोघर जायचं, रोग्याला समोर बसवून गोळी गिळायला लावायची, जीभ वर करून बघायची. पण सोबत्याला तिकडे म्हणतात 'काउपोद', आणि डोंगरातले बंडखोरही एकमेकांना हाच शब्द लावतात. अहो, बाजाराला सोबत जाणारी बाईसुद्धा काउपोदच की! पण सुतावरून स्वर्ग गाठणारे काय कमी असतात?

आठवड्यात तिठ्यावर फलक लागला. खाली कुणाची सही नाही, शिक्का नाही. वर लाल अक्षरात 'बंडखोरांचे हस्तक' आणि यादीत तिसरं नाव हर्मिनियाचं. झालं! गोळ्यांचं कुणी नावच काढेना. सभेत, दुकानात, चर्चच्या पायरीवर एकच चर्चा, ही बाई नक्की कोण? कॅप्टनने तिची औषधांची पिशवी काढून घेतली.

तिचा जीव अडकला होता तिच्या एका रोग्यात, म्हाताऱ्या इस्लावमध्ये. सहा महिन्यांच्या औषधातले चार झालेले. मध्येच सुटलं तर रोग दुप्पट जोराने उलटतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि म्हातारा असा हट्टी, की तिच्याशिवाय कुणाच्या हातची गोळी घेईल तर शपथ.

"पिशवी द्या हो कॅप्टन," ती काकुळतीला आली.

"देतो की. शुक्रवारी सभागृहात ये, कागदावर सही कर. 'शरण आले, परत आले.' नाव साफ!"

"परत आले? कुठून? मी बाकोलोद शहराच्या पलीकडे कधी गेले नाही!"

"ताई, शब्दांत कशाला शिरतेस? यादीतून नाव काढायला दुसरा कागदच नाही."

सही करावी तर कबुली, न करावी तर इस्लाव मरतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तीन रात्री तिला घास गेला नाही. रागाने रडू यायचं, आणि रडायचीही चोरी. कुणी पाहिलं तर म्हणायचे, बघा, पश्चात्ताप!

शुक्रवारी तिने सही केली. हात वर करून शपथ घेतली, शरण येणाऱ्याला मिळते ती तांदळाची गोणी घेतली, सगळ्या गावासमोर फोटो निघाला. पिशवी मिळाली तशी ती तडक इस्लावच्या घराकडे सुटली, जवळजवळ धावतच.

दार सुनेने उघडलं, वितीएवढं.

"पोरी, नाव साफ झालं माझं. गोळ्या आणल्यात. बाबांना उठव."

सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, फलक लागला तेव्हा मी नवऱ्याशी भांडले हो. म्हटलं, लोक खोटं बोलतात, आमची ताई तसली नाही. आणि आता तुम्हीच लिहून दिलंत?"

"अगं, ते पिशवीसाठी..."

"तुमच्या हातची गोळी घेतली तर उद्या आमचं नाव लागेल. लेकरं आहेत माझी."

आतून म्हाताऱ्याने खोकत खोकत विचारलं, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, बाबा," सून म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.