लेकीला भजनातून सोडवायला मांजरीला

"आई, मी भजनी मंडळात जाते हल्ली. बरं वाटतं," असं लेक फोनवर म्हणाली आणि मी पिशवी भरायला घेतली. सुमन वर्षभर मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर आहे. तिच्या मुलाने हडपसरच्या पुढे मांजरीला फ्लॅट घेतला. तो आणि सून सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जातात ते अंधार पडल्यावर येतात. ही दिवसभर भिंतींकडे बघत बसायची. वेणी घालणंसुद्धा सोडलं होतं तिनं. आमच्या ओळखीच्या एका बाईने भजनातल्या एका बुवाच्या सांगण्यावरून असल्याच गोळ्या मोरीत टाकल्या होत्या. पुढे घरच्यांनी काय भोगलं, ते मी पाहिलंय. मी चौथी शिकलेली, पण एवढं कळतं.

जाणार असाल तर सांगते. सदाशिव पेठेतून स्वारगेट, तिथून हडपसर गाडीतळ, मग मांजरीची बस. ज्येष्ठांचा पास काढा. पैसे वाचतात, जागा मिळतेच असं नाही. ज्येष्ठांच्या जागेवर एक तरुण कानात वायरी घालून बसला होता. म्हटलं, "गुडघे फार दुखतात का हो, आजोबा?" उठला.

मांजरीत रस्त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला उंचच उंच इमारती. रस प्या, पण बिनबर्फाचा.

सुमनच्या घराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "भजन खाली पार्किंगमध्ये." गेले. गाड्यांच्या मधल्या जागेत सतरंजी, दहाबारा बायका, आणि त्यात माझी लेक. वेणी घातलेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पेटीवर बसलेली कुंदाताई नावाची नागपूरकडची बाई ओरडली, "गोळ्या झाल्या का वो साऱ्यांच्या? राहिली असंल तिनं टाळ खाली ठेवा!"

कुणाची साखरेची, कुणाची प्रेशरची. दोघी पाणी प्यायला उठल्या.

"सुमन, तुही गोळी?"

"झाली, ताई."

"पाकीट दाखव."

सुमनने कमरेच्या बटव्यातून पाकीट काढून दाखवलं. रिकामी घरं मी लांबूनच पाहिली आणि सतरंजीवर बसले.

"अन् आजी, तुमची?"

घाईत माझीच प्रेशरची राहिली होती. मला टाळ मिळाला नाही!

भजन बेसूर होतं, खोटं कशाला सांगू? प्रसादाचा शिरा मात्र चांगला. वर जाताना सुमनला विचारलं, "देवामुळे बरं वाटतं का गं?"

"माहीत नाही, आई. एक दिवस गेले नाही तर मंडळातल्या दोघी दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, तू चल, नाहीतर इथेच सुरू करतो."

माझ्या मते औषध अर्धं डॉक्टरचं, अर्धं त्या दोघींचं. देवाचा वाटा त्याचा त्यानं बघावा. तुमच्या घरचं कुणी मंडळात जात असेल तर एकदा जाऊन बसा. गोळी बंद करा म्हणणारे असले तर चपला घाला आणि माणसाला घेऊन निघा. नसले तर गप्प शिरा खा.

परवा दुपारी सुमनला फोन केला. पूर्वी मी बोलायचे आणि ती नुसतं "हं" म्हणायची. परवा म्हणाली, "आई, ठेवते गं. बायका खोळंबल्यात," आणि माझं वाक्य अर्ध्यात तोडून खरंच ठेवला.

इतका उद्धटपणा! मी पंखा लावला आणि चहापर्यंत गाढ झोपले.